गळ, शेवाळ आणि सरोवर

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, तह, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. मनुष्य आपला फुरसतीचा वेळ कसा घालवीत असे, हा प्रश्न इतिहासकार बहुधा शेवटच्या प्रकरणाकडे ढकलतात, आणि तें प्रकरण लिहावयाचें राहून जातें. वास्तविक राज्यें बुडालीं तरी मनुष्याचे छंद बुडत नाहींत. इतकेंच नव्हे, तर एखाद्या निरुपद्रवी दिसणाऱ्या छंदानें पृथ्वीच्या पाठीवर जे फेरफार घडवून आणले, ते कित्येक सेनापतींनाहि साधले नाहींत.

कांठाशीं स्वस्थ बसून पाण्यांत गळ सोडणें हा असाच एक छंद आहे. ज्यानें तो कधीं केला नाहीं त्याला तो आळसाचा कळस वाटतो. ज्यानें केला त्याला दुसरें कांहीं गोड लागत नाहीं. आज आम्ही वाचकांपुढें जी हकीकत ठेवणार आहों, ती ह्या छंदाची व त्यापायीं अर्ध्या पृथ्वीची प्रदक्षिणा केलेल्या एका माशाची आहे. हा मासा मूळचा उत्तर अमेरिकेंतला. त्याचें नांव लार्जमाउथ बॅस, म्हणजे मोठ्या तोंडाचा बॅस. तोंड मिटलें असतां त्याच्या वरच्या जबड्याचें टोंक डोळ्याच्याहि मागें जातें, यावरून तोंडाची कल्पना यावी. आमच्याकडील बाजारांत तो दिसत नाहीं, व त्यामुळें त्याला देशी नांवहि पडलें नाहीं. तथापि त्याच्या कथेंत आमच्या तळ्यांतल्या एका वनस्पतीचाहि अल्पसा भाग आहे. तो शेवटीं येईल.

ह्या माशाच्या नांवाचा इतिहास म्हणजे चुकांची एक मालिकाच आहे. तो खरा बॅस नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागांतील लोक त्याला दीर्घकाळ ट्राउट म्हणत. तो ट्राउटहि नव्हे. फ्रेंच पंडित लासेपेद ह्यानें १८०२ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याच्यापुढें मासा नव्हताच. बोस्क नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञानें कॅरोलायनांत केलेलें चित्र व टिपण, एवढेंच होतें. लोक त्याला ट्राउट म्हणतात असें कळल्यावरून लासेपेदनेंहि त्याच्या नांवांत ‘सामन माशासारखा’ अशा अर्थाचें पद घातलें. ह्याच माशाच्या लहान तोंडाच्या भावंडाचा एक नमुना मात्र त्याच्या हातीं आला होता. त्या बिचाऱ्याच्या पाठीवरच्या पराचा मागचा भाग पूर्वींच कोणीतरी तोडलेला होता. ती जखम आहे हें न ओळखतां, तें जातीचेंच लक्षण असें समजून त्यानें ‘लहान पराचा’ अशा अर्थाचें ‘मायक्रोप्टेरस’ हें नांव दिलें, व तेंच आज ह्या सबंध वंशाला चिकटलेलें आहे. एका माशाला झालेली इजा अशा रीतीनें शास्त्राच्या वहींत कायमची नोंदली गेली.

गळानें हा मासा धरण्याची कला मात्र ह्या नामकरणाहून जुनी आहे. विल्यम बार्ट्रम हा वनस्पतिशास्त्रज्ञ १७७४ सालीं फ्लॉरिडांतील सेंट जॉन्स नदीच्या कांठानें हिंडला. १७९१ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत त्यानें ही युक्ति सांगितली आहे. दोघे जण एका होडग्यांत बसत. मागचा वल्ह्यानें होडगें पाणवनस्पतींच्या कडेकडेनें हळू हळू नेई. पुढचा एका लांब काठीला वीतदोनवीत दोरी बांधून तिच्या टोंकाला तीन गळांचा झुबका लोंबता ठेवी. त्या झुबक्याला हरिणाच्या शेपटीचे पांढरे केस, तांबड्या फितीचे तुकडे आणि रंगीबेरंगी पिसें बांधलेलीं असत. पाण्याला स्पर्श होईल न होईल इतक्या उंचीवर तो झुबका नाचूं लागला, कीं पानांखालीं दडलेला मासा एकदम उसळी घेई. आज कारखान्यांतून निघणारीं हजारों तऱ्हांचीं खोटीं आमिषें पाहिलीं, तरी त्यांतलें मूळ तत्त्व ह्या झुबक्याहून वेगळें नाहीं.

ह्या माशाचा वर्षाचा क्रम एकदां समजला म्हणजे त्याला कोठें शोधावयाचें हें आपोआप समजतें. वसंतांत पाण्याची ऊब सोळा-सतरा अंशांवर गेली कीं नर उथळ पाण्यांत येतो, व शेपटीनें चिखल दूर सारून ताटाएवढी एक वाटोळी जागा साफ करितो. मादी तेथें अंडीं घालून निघून जाते. नर मात्र जागचा हालत नाहीं. परांनीं तो अंड्यांवर वारा घालावा तसें ताजें पाणी घालीत राहतो, आणि पिल्लें बाहेर पडल्यावरहि त्यांच्या थव्यावर कित्येक दिवस पहारा करितो. ह्या काळांत तो फारसें खात नाहीं. परंतु घरट्याजवळ जें कांहीं येईल त्यावर तुटून पडतो. म्हणजे वसंतांत गळाला लागणारा बॅस भुकेनें फसत नाहीं, तर वात्सल्यानें फसतो. बाप उचलला गेला कीं दबा धरून बसलेले लहान मासे क्षणांत पिल्लें फस्त करितात. कॅनडाच्या ओन्टारिओ प्रांतासारख्या ठिकाणीं ह्या दिवसांत बॅसची शिकार बंद ठेवण्याचा जो नियम झाला, त्याचें कारण हेंच.

उन्हाळा आला कीं तळाची हिरवळ वर चढते. पाण्याच्या पृष्ठावर पानांचें छप्पर पडतें, आणि त्याखालीं छाया, गारवा, बेडूक, लहान मासे, सर्व कांहीं असतें. बॅस ह्या छपराच्या कडेला, उजेड व अंधार यांच्या सीमेवर, उभा राहतो. पाठलाग करून दमविण्याची त्याची रीत नव्हे. टप्प्यांत आलेलें भक्ष्य एका झेपेंत तोंडांत ओढून घ्यावयाचें, ही त्याची रीत. म्हणून पहांट व सांज ह्या वेळा मासेमाराच्या. शेवाळांत गळ अडकूं नये म्हणून त्याचें टोंक मऊ आमिषाच्या पोटांत लपवितात, आणि बेडकाची प्रतिमा पानांवरून टुणटुणत नेतात. शरदांत पाणी निवतें, वनस्पति पिवळ्या पडून कुजूं लागतात, लहान मासे आसरा सोडून उघड्यावर येतात, आणि बॅस हिवाळ्याची बेगमी करण्यासाठीं त्यांच्या मागें धांवतो. अनुभवी मंडळी ह्या दिवसांची वर्षभर वाट पाहत असतात. हिवाळ्यांत तो खोल पाण्यांत जवळजवळ निश्चल पडून राहतो. तेव्हां गळ इतका सावकाश हालवावा लागतो कीं शिकारीपेक्षां शिकाऱ्याचीच परीक्षा होते.

शेवाळाविषयीं आणखी एक गोष्ट शास्त्रज्ञांना दिसून आली आहे. शेवाळ मुळींच नसेल तर लहान माशांना आसरा राहत नाहीं. फार दाट असेल तर मोठ्या माशाला शिकार साधत नाहीं. मध्यम प्रमाणांत असेल तेव्हांच दोघांचेंहि चालतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

आतां ह्या छंदाच्या इतिहासांतील सर्वांत प्रसिद्ध दिवसाकडे येऊं. २ जून १९३२ रोजीं संयुक्त संस्थानांपैकीं जॉर्जिया संस्थानांत पाऊस पडून गेला होता. शेतांत नांगर घालण्यासारखी स्थिति नव्हती. जॉर्ज पेरी नांवाचा एक तरुण शेतकरी आपल्या मित्राबरोबर माँटगोमेरी तळ्यावर गेला. हें तळें म्हणजे ओक्मल्गी नदीनें सोडून दिलेलें एक जुनें वळण होतें. मंदीचे ते दिवस. वडील वारलेले, घर चालविण्याचा भार त्याच्या शिरावर. दोघां मित्रांत मिळून काठी एक आणि आमिषहि एकच, तें म्हणजे एक लांकडी खोटा मासा. दोरी अडकली असें वाटून पेरीनें ओढून पाहिली, तों अडकलेली वस्तु हालूं लागली. जवळच्या हेलेना गांवीं तो मासा तराजूंत घातला. वजन भरलें सव्वाबावीस पौंड. लांबी साडेबत्तीस इंच, घेर साडेअठ्ठावीस. ‘फील्ड अँड स्ट्रीम’ ह्या मासिकाच्या स्पर्धेंत ही नोंद पाठविली, तिला पहिलें बक्षीस म्हणून पंचाहत्तर डॉलरांचें सामान मिळालें. आणि माशाचें काय झालें? पेरीनें तो घरीं नेला, व घरच्या मंडळींनीं तो खाल्ला. ज्या माशाशीं बरोबरी करण्यासाठीं पुढें लक्षावधि माणसांनीं आयुष्यें घालविलीं, तो त्या दिवशीं एका गरीब कुटुंबाचें जेवण झाला. आम्हांस ह्यांत कमीपणा तर दिसत नाहींच, उलट ह्या सबंध इतिहासांतील अत्यंत निर्दोष कृत्य तेंच वाटतें.

कारण, हा मासा त्याच्या स्वतःच्या पाण्यांत धरलेला होता. मनुष्याचें मन मात्र आपल्या पाण्यावर समाधान मानीत नाहीं. आवडती वस्तु जेथें जाऊं तेथें असावी, अशी त्याला हाव असते. १८५४ च्या सुमारासच बॅसच्या कुळांतले थोडे मासे आगगाडीच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टांकींतून डोंगरापलीकडे पोटोमॅक नदीच्या खोऱ्यांत नेण्यांत आले होते. १८७१ सालीं अमेरिकन सरकारनें मत्स्यखातें उघडलें, व पुढें खास बांधलेल्या आगगाडीच्या डब्यांतून माशांचीं पिल्लें देशभर वांटण्यांत येऊं लागलीं. ज्या तळ्यांत जें नव्हतें तें त्यांत घालणें, ही त्या काळीं लोकसेवा समजली जात असे. ह्या समजुतीला पुढें समुद्रहि आडवा आला नाहीं.

१९२५ सालीं अकाबोशी तेत्सुमा ह्या जपानी उद्योगपतीनें सरकारी परवानगी घेऊन अमेरिकेंतून हे मासे आणविले, आणि हाकोने येथील आशी सरोवरांत सोडले. अकाबोशी ह्याचें शिक्षण अमेरिकेंत झालेलें. खाण्यास चांगला व धरण्यास मौजेचा असा मासा देशबांधवांना मिळवून द्यावा, हा त्याचा हेतु. चहूंकडून डोंगरांनीं वेढलेलें सरोवर पाहून निवडण्यांत त्याची सावधगिरीहि दिसून येते. परंतु माशाला जरी डोंगर ओलांडतां येत नसला, तरी त्याला नेणाऱ्या माणसाला येतो. १९७० नंतर जपानांत काठी व खोटें आमिष घेऊन बॅस धरण्याचें वेड पसरलें. आपल्या गांवच्या तळ्यांतहि तो असावा, म्हणून कोणी रात्रीं बादलीभर पिल्लें नेऊन सोडीत, आणि विसावें शतक संपतां संपतां जपानच्या बहुतेक सर्व प्रांतांत तो जाऊन पोंचला.

१९७४ सालीं तो बिवा सरोवरांत आढळला. बिवा म्हणजे कांहीं सामान्य तळें नव्हे. त्याचा विस्तार सुमारें ६७० चौरस किलोमीटर, खोली १०४ मीटरपर्यंत, आणि वय सुमारें चाळीस लक्ष वर्षें; पृथ्वीवरील अत्यंत जुन्या सरोवरांत त्याची गणना होते. एवढ्या दीर्घ काळांत तेथें कित्येक असे जीव उत्पन्न झाले कीं ते जगांत इतरत्र कोठेंहि नाहींत. बिवा हें एका तंतुवाद्याचें नांव असून सरोवराचा आकार त्या वाद्यासारखा आहे असें म्हणतात. त्याच्या उत्तर भागांत चिकुबु नांवाचें एक बेट आहे, व तेथें बेन्झाइतेन देवीचें स्थान आहे. ही बेन्झाइतेन म्हणजे बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गें जपानांत गेलेली आपली सरस्वतीच. तिच्या हातीं वीणेऐवजीं बिवा असतें. म्हणून ह्या सरोवराविषयीं आम्हांस थोडा आपलेपणा वाटला, तर वाचकांनीं तो क्षम्य मानावा.

ह्या सरोवरांत निगोरोबुना नांवाचा एक देशी मासा आहे. वसंतांत कांठच्या बोरूच्या बेटांत तो अंडीं घालावयास येतो. त्याला मिठांत मुरवून, नंतर शिजविलेल्या भातांत महिनोन्‌महिने दाबून ठेवून ‘फुनाझुशी’ नांवाचा एक आंबट पदार्थ करितात. आज जगभर ज्या सुशीचा बोलबाला आहे, तिचें अत्यंत जुनें रूप ह्यांत टिकून राहिलें आहे असें जाणते लोक सांगतात. आपल्याकडे घरोघरीं लोणच्याची बरणी असते आणि प्रत्येक घरची चव निराळी, तसेंच तिकडे ह्या फुनाझुशीचें. १९८० नंतर बिवांत बॅस अतोनात वाढला, आणि निगोरोबुना व दुसरे लहान मासे झपाट्यानें कमी झाले. मासा दुर्मिळ झाला, तसें फुनाझुशीहि महाग झालें; एके काळीं घरगुती असलेला पदार्थ दुकानांतली चैनीची वस्तु बनला.

परंतु सर्व दोष ह्या एका माशाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. १९७२ पासून १९९७ पर्यंत बिवा सरोवराच्या विकासाची एक मोठी सरकारी योजना चालू होती. पुराला व पाणीटंचाईला आळा बसला, हा तिचा लाभ. परंतु कांठांवर बांध व रस्ते आले, भातशेतांचा सरोवराशीं असलेला संबंध तुटला, बोरूचीं बेटें कमी झालीं, आणि अंडीं घालण्याच्या जागाच नाहींशा झाल्या. पाळणा मनुष्यानें मोडला आणि उरलीं पिल्लें बॅसनें खाल्लीं, असें म्हटलें तर तें सत्याला धरून होईल. केवळ परक्याला शिव्या देऊन आपला कारभार झांकण्याची खोड सर्व देशांतील राज्यकर्त्यांना असते. इतिहासलेखकानें तिला बळी पडूं नये.

ह्याच कथेंत एक दुसरा पाहुणाहि आहे. १९६० सालीं जपानचे युवराज आकिहितो अमेरिकेस गेले असतां शिकागोच्या नगराध्यक्षांनीं त्यांना ब्लूगिल जातीचे कांहीं मासे भेट दिले. युवराज स्वतः मत्स्यशास्त्राचे अभ्यासक. त्यांनीं ते अन्न म्हणून उपयोगी पडतील ह्या आशेनें सरकारी मत्स्यसंशोधन संस्थेकडे दिले. अल्पावधींत त्यांची संतति जपानभर पसरली, आणि बिवांतहि तिनें देशी माशांच्या अंड्यांवर ताव मारण्यास सुरुवात केली. २००७ सालीं सरोवराच्या कांठीं ओत्सु येथें भरलेल्या एका समारंभांत आकिहितो यांनीं, तेव्हां ते सम्राट् होते, ही गोष्ट जाहीरपणें सांगितली आणि घडलेल्या परिणामाबद्दल दुःख व्यक्त केलें. सत्तेचाळीस वर्षांपूर्वीं सद्हेतूनें केलेल्या एका कृत्याची जबाबदारी सम्राटानें भर सभेंत आपल्याकडे घ्यावी, ही गोष्ट विरळा होय. चुका सर्वांच्या हातून होतात. त्या नांवानिशीं कबूल करणारे थोडे.

मध्यंतरीं शेवाळाचीहि कथा चालूच होती. १९९४ सालीं मोठें अवर्षण पडलें, व सप्टेंबरांत बिवाचें पाणी ठराविक खुणेच्या १२३ सेंटिमीटर खालीं गेलें. दक्षिणेकडचा भाग आधींच उथळ. तेथें तळापर्यंत ऊन पोंचलें, आणि पुढील वर्षांत पाणवनस्पतींचें रान माजलें. होड्यांचीं चक्रें अडकूं लागलीं, कुजलेल्या ढिगांची दुर्गंधि सुटूं लागली, आणि तें रान कापण्यासाठीं सरकारला खास नौका पाण्यांत सोडाव्या लागल्या. गळवाल्यांना मात्र ह्या रानाच्या कडा म्हणजे पर्वणीच वाटली. एकाच दृश्यानें एकाला संकट दिसावें व दुसऱ्याला सुख, ह्यांत नवल नाहीं. कांठावर कोण कशासाठीं उभा आहे यावर तें अवलंबून असतें.

२ जुलै २००९ रोजीं सरोवराच्या उत्तर व दक्षिण भागांना जोडणाऱ्या चिंचोळ्या जागीं, मोठ्या पुलाजवळ, कुरिता मानाबु ह्या जपानी तरुणाच्या गळाला एक मासा लागला. वजन भरलें १०.१२ किलोग्रॅम, म्हणजे सव्वाबावीस पौंडांहून एक औंसापेक्षांहि किंचित् कमीच जास्त. जागतिक नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा नियम असा कीं जुना उच्चांक मोडण्यास निदान दोन औंसांचें अंतर पाहिजे. कुरिताची कसून चौकशी झाली. खोटें ओळखण्याच्या यंत्रापुढेंहि त्याला बसावें लागलें. शेवटीं जानेवारी १९३२ नव्हे, तर जानेवारी २०१० मध्यें निर्णय झाला कीं पेरी व कुरिता दोघे बरोबरीचे. जगांतील सर्वांत मोठ्या बॅसचा मान मूळ देश व परदेश ह्यांत असा वांटला गेला. कुरिताच्या गळाला आमिष कोणतें होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. तो एक जिवंत ब्लूगिल होता. शिकागोच्या भेटीचा वंशज अशा रीतीनें अकाबोशीच्या हौशीच्या वारसाला खाऊं घातला गेला, आणि दोघेहि एका देवीच्या सरोवरांत.

आतां ज्या प्रश्नासाठीं आम्ही ही हकीकत इतक्या विस्तारानें सांगितली, त्याकडे वळूं. अमेरिकेंत रे स्कॉट नांवाच्या गृहस्थानें १९६७ सालीं आर्कन्सास संस्थानांतील बीव्हर सरोवरावर बॅस धरण्याची मोठी स्पर्धा भरविली. पुढच्याच वर्षीं ह्या छंदाची संस्था स्थापिली. आणि १९७२ पासून स्पर्धेंत धरलेले मासे जिवंत ठेवून परत पाण्यांत सोडण्याचा प्रचार चालविला. हळू हळू धरलेला मासा सोडून देणें हें सज्जन गळवाल्याचें लक्षणच ठरलें. हीच रीत जपानी रसिकांनींहि भक्तिभावानें उचलली. परंतु बिवा ज्या शिगा प्रांतांत आहे, तेथील कायदेमंडळानें २००२ सालीं नियम केला, व तो २००३ पासून अमलांत आला, कीं ह्या सरोवरांत धरलेला बॅस किंवा ब्लूगिल परत पाण्यांत सोडतां कामा नये. कांठांवर मासे टाकण्याच्या पेट्या ठेवण्यांत आल्या. २००५ मध्यें सबंध जपानासाठीं कायदा लागू झाला. त्याप्रमाणें हे मासे जिवंत बाळगणें, नेणें किंवा नव्या पाण्यांत सोडणें हा गुन्हा ठरला. तथापि आशी, कावागुची, यामानाका व साई ह्या चार सरोवरांत, जेथें गांवच्या मच्छीमार संघांचें उत्पन्नच ह्या छंदावर अवलंबून होतें, तेथें त्याला सनदशीर जागा ठेवण्यांत आली.

वाचकहो, ह्या स्थितींतला विलक्षणपणा पाहा. ओहायोच्या तळ्यावर जो मनुष्य मासा हलक्या हातानें सोडतो तो दयाळू. बिवावर तोच मनुष्य तोच मासा तसाच सोडतो तेव्हां तो नियमभंग करणारा. कांहीं तरुण रसिकांना हा नियम जाचक वाटला, व वाद न्यायालयापर्यंत गेला. त्यांचें दुःख आम्हांस खोटें वाटत नाहीं. ज्या प्राण्यानें आपल्याला आनंद दिला, त्याला पेटींत टाकून मरूं देणें हें कोमल मनाला जड जाणारच. त्या माशाचाहि कांहीं अपराध नाहीं. तो आपल्या पायांनीं आला नव्हता. परंतु दया म्हणजे केवळ आपल्या हातांत जो जीव आहे त्याच्याविषयीं वाटणारी कळकळ नव्हे. जो हातांत नाहीं, डोळ्यांना दिसत नाहीं, बोरूच्या बुडाशीं आपलीं अंडीं घालून निघून गेला आहे, त्याचाहि हिशेब तींत धरावा लागतो. बिवाच्या कांठीं असलेल्या वस्तुसंग्रहालयाच्या उपाहारगृहांत बॅसचीं भजीं भातावर घालून वाढूं लागले आहेत. हा उपाय आम्हांस विनोदी वाटत नाहीं, कारण पेरीच्या घरीं तरी दुसरें काय झालें होतें?

आरंभीं आमच्या तळ्यांतल्या एका वनस्पतीचा उल्लेख केला होता. शाळेंत ज्यांनीं विज्ञान शिकलें, त्यांना काचेच्या चंचुपात्रांत नरसाळ्याखालीं ठेवलेली, उन्हांत प्राणवायूचे बुडबुडे सोडणारी हायड्रिला आठवत असेल. आपल्याकडील तळ्यांत ती सहज मिळते, म्हणून तर ती प्रयोगशाळेंत आली. हीच वनस्पति १९५० नंतरच्या दशकांत सिंहलद्वीपांतून शोभेच्या माशांच्या व्यापाऱ्यांनीं फ्लॉरिडांत नेली. तेथें तिला ‘भारतीय तारावेल’ अशा अर्थाच्या नांवानें विकीत. पुढें ती कालव्यांत पडली, आणि बार्ट्रमच्या फ्लॉरिडांतलीं तळींच्या तळीं तिनें व्यापून टाकलीं. बॅस धरणाऱ्यांना ती प्रिय, बाकी सर्वांना शाप. टेक्सासमधील कॉनरो सरोवरांत तिला खाण्यासाठीं १९८१-८२ सालीं दोन लक्ष सत्तर हजार गवत्या मासे सोडण्यांत आले. त्यांनीं दोन वर्षांत हायड्रिलाबरोबर बाकीचीहि सर्व हिरवळ फस्त केली. मध्यम प्रमाणाची जी गोष्ट आम्ही वाचकांना ध्यानांत ठेवावयास सांगितली होती, ती येथें कोणाच्याच ध्यानांत राहिली नाहीं.

तेव्हां ह्या बाबतींत आपण केवळ प्रेक्षक नाहीं. जलपर्णीनें आपल्या नद्या गुदमरतात, ती दक्षिण अमेरिकेंतून सुंदर जांभळ्या फुलांसाठीं आणलेली. आफ्रिकेंतला टिलापिया १९५२ सालीं भारतांत आला. आज उजनीच्या कांठीं भिगवणच्या खाणावळींत तोच चिलापी म्हणून आवडीनें खाल्ला जातो, आणि त्यावर कित्येक कोळ्यांचे संसार चालतात. हें पोट भरणारें सत्य आहे, व तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याच्या येण्यानें भीमेंतील कोणकोणते मासे आजोबांच्या आठवणींत जाऊन बसले, ह्याचीहि याद कोणीतरी ठेवावयास हवी.

आणि ही याद ठेवतांना आमचें स्वतःचें नांव आम्ही वगळूं इच्छीत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं मुलांनीं हौसेनें आणलेली माशांची काचपेटी होती. परीक्षा आल्या, मुलांचा उत्साह ओसरला, आणि पाणी बदलण्याचें काम वडील माणसांकडे आलें. एके रविवारीं आम्ही ते मासे बादलींत घालून गांवाबाहेरच्या तलावांत सोडून दिले. जीव सुटले, मुलांना दयेचा धडा मिळाला, आणि आपण एक पुण्यकृत्य केलें, अशा समाधानानें घरीं आलों. त्यांत कांचेला चिकटून शेवाळ खाणारे, अंगावर कांटेरी खवले असलेले दोन मासे होते. तसल्याच माशांनीं आपल्या नद्यांतून कोळ्यांचीं जाळीं फाडल्याच्या बातम्या पुढें वाचनांत आल्या, तेव्हां आम्हांस त्या रविवारची आठवण झाली. आमच्या दोन माशांचें काय झालें हें त्या तलावालाच ठाऊक. मात्र तेव्हांपासून त्याच्या कांठीं फिरावयास गेलों असतां, पाण्यांत कोठें मोठा खळबळाट झाला, कीं आम्ही क्षणभर थांबून तिकडे पाहतों.